पऱ्हाटी पेटवू नका, गाळात घाला : मराठवाड्यातील आयुक्त आणि मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मराठवाड्यातील सर्व महापालिका,
मा. मुख्याधिकारी, मराठवाड्यातील सर्व नगर परिषदा

विषय : सांडपाणी प्रकल्पातील गाळाचं खत करताना पऱ्हाटीचा (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांचा) कोळसा वापरण्याबाबत.

महोदय / महोदया,

अकरा वर्षं मी एका सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर ऑपरेटर म्हणून काढली. ठेकेदाराकडे, बहुतेक रात्रपाळीला. पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं असायचं. आधी ब्लोअरची खोली, मग फेसाळणाऱ्या टाक्या, शेवटी काचेच्या बाटलीतलं पाणी. बाटली उन्हात धरायची, पाहुण्यांनी मान डोलवायची, फोटो निघायचे. सेंट्रीफ्यूजच्या (गरगर फिरून पाणी पिळून काढणाऱ्या यंत्राच्या) शेडमागे काय आहे, हे अकरा वर्षांत दोघांनीच विचारलं. एक सहलीला आलेली शाळकरी मुलगी आणि दुसरा भाडं ठरवायला आलेला ट्रॅक्टरवाला.

शेडमागे गाळ असतो. आम्ही त्याला केक म्हणायचो. नाव गोड, पण दिसायला काळं, घट्ट, चकाकणारं पिठलं. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. एवढं सांडपाणी स्वच्छ केलं की त्यातून सुका गाळ ढोबळमानाने दोनशे किलो निघतो. पण तो सुका कधी हातात येतच नाही. सेंट्रीफ्यूजमधून पिळून काढल्यावरही त्यात ऐंशी टक्के पाणी राहतं. त्यामुळे दोनशे किलोचा एक टन होतो. छत्रपती संभाजीनगरचा कांचनवाडीचा प्रकल्प १६१ एमएलडी क्षमतेचा आहे. तो पूर्ण भाराने चालला, तर याच हिशेबाने रोज दीडशे टनांवर केक निघेल. एवढा केक रोज कुठेतरी न्यायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा तयार असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोजचं ७२,३६८ एमएलडी आणि त्यासाठी बसवलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी नोंदवली आहे. ही तफावत भरून काढायला अमृत योजनेतून, स्वच्छ भारतमधून नवे प्रकल्प होत आहेत, व्हायलाच हवेत. खाम काय, बिंदुसरा काय, आपल्या नद्यांनी आपलं पुष्कळ सोसलंय. पण पाणी जितकं जास्त स्वच्छ कराल तितका गाळ जास्त निघणार. घाण नाहीशी होत नाही, ती फक्त पाण्यातून निघून शेडमागे येऊन बसते.

आता या गाळाचं खत करावं, हे कुणालाही सुचेल. सुचलंही आहे. आपल्याकडे त्याला जुना शब्दही आहे, सोनखत. ते वाहून नेणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं हा वेगळा आणि लाजिरवाणा इतिहास आहे, पण नाव ठेवणाऱ्याला त्याची किंमत कळत होती. आमच्या प्रकल्पावर आजूबाजूचे शेतकरी ट्रॉली घेऊन यायचे. "साहेब, उसाला टाकलं की पान कसं काळंभोर येतं बघा," म्हणायचे. मी साहेब नव्हतो, पण ट्रॉली भरून द्यायचो. आज विचार केला तर अंगावर काटा येतो. तो केक कच्चा होता. त्यात जंतांची अंडी होती, रोगजंतू होते. कुणी तो उसाला टाकला, कुणी भाजीलाही टाकला असेल.

मग वरून आदेश आला की गाळाचं कंपोस्ट करा. आम्ही केलं. म्हणजे केकचे ढीग लावले आणि फळ्यावर ‘कंपोस्ट यार्ड’ असं रंगवून घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात ढिगावर ताडपत्री टाकली आणि दीड महिना कुणी तिकडे फिरकलं नाही. ताडपत्री काढली त्या दिवशी शेजारच्या वस्तीतून लोक भांडायला आले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. ढीग वरून खरवसासारखा थरथरत होता. फावडं मारलं की आत निळसर काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास. जेसीबीने पलटी मारली तर डोळे चुरचुरायला लागले. चालवणाऱ्या पोराने केबिनमधून उडी मारली आणि म्हणाला, "काका, हे खत नाही, हे औषध आहे." तो कीटकनाशकाबद्दल बोलत होता.

डोळे चुरचुरले ते अमोनियाने. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हे दोन्ही वायू नाकाला कळतात, म्हणून त्यांची तक्रार होते. याच ढिगातून आणखी दोन वायू निघत होते, ज्यांना वास नाही. वास नाही म्हणून तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून फाईल नाही. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड २७३ पट. हे मला नोकरीत कुणी शिकवलं नाही. सुटल्यावर मुलीच्या मोबाइलवर वाचत बसलो तेव्हा कळलं, की मी अकरा वर्षं नेमक्या कुठल्या ढिगाशेजारी डबा खात होतो.

आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीने, २००६ साली देशोदेशींच्या सरकारांना उत्सर्जन मोजायचे आकडे ठरवून दिले. त्यात एक टन ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करताना सरासरी चार किलो मिथेन आणि पाव किलोच्या आसपास नायट्रस ऑक्साइड धरलाय. गुणाकार केला तर टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात पावणेदोनशे किलोच्या जवळ जातं. पण मला त्या तक्त्यातली सरासरी महत्त्वाची वाटली नाही. सरासरीशेजारी कंसात दिलेली मर्यादा वाचून मी थबकलो. मिथेन : टनामागे ०.०३ किलोपासून ८ किलोपर्यंत. म्हणजे एक ढीग तीस ग्रॅम सोडतो आणि दुसरा आठ हजार ग्रॅम, आणि सरकारी कागदावर दोघांचंही नाव कंपोस्टच. एवढा फरक कशाने पडतो? ढिगात काय घातलं, ओल किती, आणि आत हवा शिरते की नाही, मुख्यतः यानेच.

गाळाचा ढीग या तिन्हींत नापास होतो. चांगल्या कंपोस्टला कर्ब-नत्र (कार्बन आणि नायट्रोजन यांचं) गुणोत्तर २५ ते ३० लागतं, गाळात ते दहाच्याही खाली असू शकतं. ओल ५० ते ६० टक्के हवी, ती ऐंशी असते. आणि पिठल्यात हवा शिरायला फट कुठून असणार? हवा नसली की मिथेन करणारे जिवाणू कामाला लागतात. नत्र गरजेपेक्षा जास्त, त्यामुळे ते अमोनिया होऊन उडतं. उरलेल्या नत्राचं ढिगाच्या हवेशीर भागात नायट्रेट होतं, ते हवा नसलेल्या भागात झिरपतं, आणि तिथे त्याचा साधा नायट्रोजन होता होता वाट अर्ध्यावर तुटली की नायट्रस ऑक्साइड निसटतो.

हवामानाचं बोलणं कुणाला दूरचं वाटत असेल, तर यूरियाच्या गोणीत बोलू. सुक्या गाळात चार टक्के नत्र धरा. म्हणजे एक टन केकमध्ये आठ किलो. तीस एमएलडीच्या मध्यम शहरातून रोज तीस टन केक, म्हणजे दोनशे चाळीस किलो नत्र. यूरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं साधारण वीस-एकवीस किलो. म्हणजे शहर रोज अकरा-बारा गोण्या शेडमागे टाकतं. कंपोस्ट होताना त्यातला चौथा हिस्सा ते निम्मा भाग सहज उडून जातो. तिसरा हिस्सा धरला तर रोज चार गोण्या हवेत. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे हे मला माहीत आहे, आणि तेवढ्याने आयुक्तांच्या बजेटला काही फरक पडत नाही हेही माहीत आहे. पण पेरणीनंतर पाऊस पडला की त्याच गोणीसाठी कृषी केंद्रासमोर जी रांग लागते, तिच्यात मी उभा असतो.

या सगळ्यावर मला जे सांगायचंय ते मुळात फार साधं आहे. ढिगात कोळसा घाला.

शास्त्रात त्याला बायोचार म्हणतात. लाकूड किंवा काडीकचरा पुरेशी हवा न देता ३०० ते ७०० अंशांत तापवला की जे उरतं ते. आपल्याकडे त्याला लागणारा माल पडून आहे. पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, माळरानं आणि तलावांचे काठ गिळणारी वेडी बाभूळ आहे, आणि तिचा कोळसा पाडणारे हातही आपल्याच भागात आहेत. संक्रांतीनंतर आमच्या गावाच्या शिवारात कुठेही उभं राहा, संध्याकाळी चार-दोन बांधांवर धूर दिसतोच. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली दाणादाण उडवल्यापासून कृषी खातं घसा फोडून सांगतंय, फरदड (वेचणी संपल्यावरही कापूस राखून घेतलेलं पुढचं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा, शेतात रचून ठेवू नका. शेतकरी उपटतो. पण उपटून करायचं काय? पूर्वी चुलीला जायच्या, आता घरात गॅस आहे. मग काडी ओढतो. अळीही जाते, कर्बही जातो.

कोळसा ढिगात काय करतो, हे मी वाचलं तेवढं आणि मला उमगलं तेवढं सांगतो. कोळशाच्या आत असंख्य बारीक छिद्रं असतात. ती जास्तीचं पाणी धरतात, त्यामुळे पिठलं थोडं भुसभुशीत होतं. खडे मध्ये आल्याने ढीग दाबला जात नाही, हवेला वाट मिळते. हवा मिळाली की मिथेन कमी तयार होतो, आणि जो होतो तो खाणारे जिवाणू त्याच छिद्रांत वस्ती करतात. अमोनियम कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं, त्यामुळे उडणारं नत्र ढिगातच थांबतं. आणि मघाशी म्हटलं ती अर्ध्यावर तुटणारी वाट, ती पुरी करणारे, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा निरुपद्रवी नायट्रोजन करणारे जिवाणू कोळशाच्या सोबतीने जोर धरतात असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. ढीग लवकर तापतो हा आणखी एक फायदा, आणि माझ्या दृष्टीने छोटा नाही. रोगजंतू मरायला ढीग तापायलाच लागतो. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात उघड्या राशीसाठी ५५ अंशांवर पंधरा दिवस आणि त्या काळात पाच पलट्या सांगितल्या आहेत. आमचा ताडपत्रीखालचा ढीग कोमट होता.

चीनमध्ये गाळाच्या कंपोस्टमध्ये बायोचार घालून पुष्कळ प्रयोग झाले. काहींत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं छापून आलंय, इतर ठिकाणी घट त्याच्या कितीतरी खाली आहे. नव्वदच्या आकड्यावर मी भाळलो नाही, आपणही भाळू नये. बंदिस्त पिंपात मोजून-मापून केलेला प्रयोग वेगळा आणि जुलैच्या पावसात चिखलात रुतलेल्या जेसीबीने मारलेली पलटी वेगळी. पण दिशा बहुतेक ठिकाणी एकच आहे, खाली. निम्मी घट जरी झाली तरी मी ती पदरात पाडून घेईन.

इथे एक धोक्याची सूचना, कारण उद्या एखादा सल्लागार चकचकीत सादरीकरण घेऊन येईल आणि त्यात ही गोष्ट नसेल. बायोचारमुळे पीक दुप्पट होतं वगैरे जे सांगितलं जातं, ते बहुतांशी आम्लधर्मी जमिनींवरचं आहे. आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन), चुनखडीयुक्त. कोळसा स्वतःही विम्ल असतो, आणि जितक्या जास्त उष्णतेवर भाजला तितका जास्त. फार विम्ल कोळसा ढिगात घातला तर अमोनिया थांबायच्या ऐवजी जास्तच उडेल. म्हणून मध्यम आचेचा, चारशे-पाचशे अंशांच्या आसपासचा कोळसा घ्यावा. वास मारायला ढिगावर चुना टाकायची आमच्याकडे सवय होती, तीही सोडावी. चुन्याने नाकाला तात्पुरतं बरं वाटतं, पण तो नत्राला हाकलून लावतो. आणि राख म्हणजे कोळसा नव्हे. माझी आजी चुलीतली राख उकिरड्यावर टाकायची, मीही बायोचार ऐकल्यावर आधी तिचीच आठवण काढली. पण राखेत कर्ब उरलेलाच नसतो, उरतं ते खार.

दुसरी गोष्ट धुराची. मातीखाली झाकून चार-सहा दिवस धुमसणारी जुनी भट्टी लावली, तर तिच्यातूनच इतका धूर आणि मिथेन निघेल की ढिगात वाचवलेलं भट्टीत घालवल्यासारखं होईल. शिवाय धूर कोंडलेल्या कोळशात नको ती डांबरी रसायनं राहतात. हैदराबादच्या क्रीडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या पिंपापासून साधी भट्टी केली आहे आणि ती नेमक्या पऱ्हाट्या, तुराट्या यांच्यासाठीच वापरून बघितली आहे. खड्ड्यात किंवा शंकूसारख्या उघड्या भांड्यात वरून पेटवायची पद्धतही आहे. वरची ज्वाळा खालचा धूर जाळून टाकते, आणि निखारा पांढरा पडायच्या आत वरून पुढचा थर टाकत जायचं. भरलं की पाणी ओतून विझवायचं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या मुलखात कोळसा विझवायला पाणी कुठलं, असं कुणी विचारेल. भट्टी प्रकल्पाच्या आवारातच लावा. आउटलेटवरून रोज लाखो लिटर प्रक्रिया केलेलं पाणी वाहतच असतं, ते विझवायला चालतं.

आता हिशेब. एक टन केक म्हणजे सुका गाळ दोनशे किलो. त्यात सोयाबीनची गुळी, उसाचं पाचट, बागेतल्या फांद्यांचा भुगा असा दोन-अडीचशे किलो सुका माल घालावाच लागतो. कोळसा हा त्याला पर्याय नाही, ती जोड आहे. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण कुणीतरी गुळीचा खर्च वाचवून नुसता कोळसा टाकेल आणि मग म्हणेल की उपयोग झाला नाही. या मिश्रणाच्या सुक्या वजनाच्या दहा टक्के कोळसा धरला तर पंचेचाळीस किलो. चार किलो पऱ्हाटीत किलोभर कोळसा पडतो असं धरलं, तर टन केकमागे पावणेदोनशे-दोनशे किलो पऱ्हाटी. तीस एमएलडीच्या शहराला रोज पाच-सहा टन. हेक्टरी दोन-अडीच टन पऱ्हाटी निघते, म्हणजे वर्षाला आठ-नऊशे हेक्टरांचा माल पुरतो. मराठवाड्यात कापूस लाखो हेक्टरांवर होतो. माल कमी पडण्याचा प्रश्नच नाही, आणायचा कसा हा आहे. पऱ्हाटी म्हणजे नुसती हवा, ट्रॉली भरते आणि वजन भरत नाही. म्हणून लांबून आणायची असेल तर कुट्टी करून आणावी किंवा गावातच कोळसा करून पोत्यांत भरून आणावा. पऱ्हाटी जानेवारी ते मार्च अशी तीन महिनेच मिळते, पण कोळसा वर्षभर टिकतो, त्याला अळी लागत नाही, तो कुजत नाही.

आणि तो जमिनीतही सहजी कुजत नाही. त्या पंचेचाळीस किलोंत अंदाजे दोन तृतीयांश शुद्ध कर्ब, म्हणजे तीस किलो. जाळला असता तर शंभरेक किलो कार्बन डायऑक्साइड झाला असता. त्यातला मोठा भाग खतासोबत जमिनीत जाऊन शतकभर तरी तिथे राहतो. वायूंची बचत वेगळी, ही वेगळी.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, आणि ती तांत्रिक नाही. ठेकेदाराला पैसे पाण्याचे मिळतात. किती एमएलडी पाणी शुद्ध केलं, नमुना पास झाला की नाही, त्यावर बिल निघतं. गाळाचं एक वाक्य निविदेत असतं : ‘योग्य ती विल्हेवाट लावावी.’ या ‘योग्य ती’मध्ये काय काय बसतं ते मी माझ्या लॉगबुकात लिहिलेलं नाही, पण पाहिलंय. गाळ सावत्र आहे. जोपर्यंत त्याला निविदेत स्वतःचं कलम, स्वतःचा दर आणि स्वतःची तपासणी मिळत नाही, तोपर्यंत कोळसा सांगा नाहीतर केशर सांगा, ढिगापर्यंत ते पोहोचणार नाही. पुढच्या देखभालीच्या निविदेत तयार खताच्या टनावर पैसे ठेवा. खत नियंत्रण आदेशाच्या निकषांत बसलेलं टन, नुसतं वजन नव्हे. राशीचं तापमान रोज लिहायचं, पलट्यांच्या तारखा लिहायच्या, मिश्रणात गुळी किती आणि कोळसा किती हे लिहायचं. तापमानाच्या लांब दांड्याच्या काट्याला फार खर्च येत नाही. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून आम्ही ढिगात सळई खुपसून हाताला चटका बसतो का ते बघायचो.

जड धातूंबद्दल लपवाछपवी करू नका एवढी विनंती. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, निकेल ५०, क्रोमियम ५०, जस्त १००० अशी मर्यादा आहे. कोळसा धातूंना काही अंशी बांधून ठेवतो, पण नाहीसं करत नाही, आणि कंपोस्ट होताना वजन घटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतंच. जिथे गटारात कारखान्यांचं पाणी चोरून सोडलं जातं, तिथला गाळ शेतात जाऊ नये, मग त्यात कितीही पऱ्हाटी जाळून घाला. तो नळ आधी शोधावा लागेल. फक्त घरगुती सांडपाणी येणाऱ्या छोट्या शहरांत ही डोकेदुखी कमी आहे, म्हणून माझ्या मते सुरुवात मोठ्या महापालिकेने करण्यापेक्षा एखाद्या तालुक्याच्या गावाने करावी.

सुरुवात म्हणजे दोन राशी. शेजारी शेजारी, एकाच दिवशी, एकाच गाळाच्या. एकीत गाळ आणि गुळी, दुसरीत गाळ, गुळी आणि दहा टक्के कोळसा. वर पत्र्याचं छप्पर, खाली पक्का ओटा आणि झिरप गोळा करायला नाली. परभणीला १९७२ पासून आपलं कृषी विद्यापीठ आहे. मृदाशास्त्र विभागाला पत्र लिहा, विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवाच असतो. दोन्ही राशींवर पेटी ठेवून वायूंचे नमुने घेता येतात, नत्र सुरुवातीला किती आणि शेवटी किती हे तर कुठल्याही माती परीक्षण प्रयोगशाळेत कळतं. नत्राचा हा साधा आकडा माझ्यासाठी सगळ्यात बोलका आहे. कोळशाच्या राशीत शेवटी नत्र जास्त उरलं, तर ते हवेत कमी गेलं. मी घरी शेणाच्या दोन छोट्या ढिगांवर हे करून बघितलं, तेव्हा माझ्याकडे मापायला नाकाशिवाय काही नव्हतं. कोळशाच्या ढिगाजवळ आमची म्हैस बांधली तरी शेजारीण काही बोलली नाही, एवढंच सांगू शकतो. ती दुसऱ्या ढिगाबद्दल पुष्कळ बोलली.

आणखी एक, जे विषयात लिहिलेलं नाही. ढीग पलटणारी माणसं. आमच्याकडे चौघं होते, दोन जोड्या. हातमोजे वर्षातून एकदा यायचे आणि ते सगळ्यांना एकाच मापाचे. मास्क करोनाच्या वर्षी मिळाले. यांत्रिक पलटीयंत्र घ्या, भाड्याने घ्या, चार नगर परिषदांनी मिळून एक घ्या, पण कच्च्या गाळात माणूस फावडं घेऊन उतरवू नका. त्यांच्या धनुर्वाताच्या आणि काविळीच्या लसी, जंताच्या गोळ्या, साबण आणि अंघोळीची जागा हे निविदेतल्या त्याच कलमात, कोळशाच्या शेजारच्या ओळीत लिहा. कोळसा कुटताना उडणारी भुकटीही छातीत जाते, म्हणून तो ओला करूनच हाताळायचा हेही लिहा.

शेतकऱ्याला पऱ्हाटीचे पैसे द्या. फुकट घेऊन जातो म्हणाल तर पहिल्या वर्षी देईल, दुसऱ्या वर्षी काडी ओढेल. पैशाऐवजी खत द्यायचं म्हणालात तरी चालेल, माझ्यासारखे पुष्कळ जण खतच मागतील. एक ट्रॉली पऱ्हाटी आणा, ठरलेली पोती तपासलेलं खत न्या, असा व्यवहार गावाला लगेच कळतो. त्या खतात आपल्या जमिनीत कमी पडणारं जस्त असतं, हे शेतकऱ्याला सांगितलं तर त्याला आवडेल. ते भाजीपाल्याला आणि कच्चं खाल्लं जाणाऱ्या पिकाला टाकू नये, कापूस, ऊस, फळझाडं यांना टाकावं, हे पोत्यावरच मराठीत छापावं.

माझ्या दोन एकरांतल्या पऱ्हाट्या यंदा मी पेटवलेल्या नाहीत. बांधाला रचल्यात, अळीच्या भीतीने वर शेडनेट टाकलंय, आणि बायको रोज विचारते की ह्यांचं काय करणार. मार्च संपेपर्यंत त्या तिथेच आहेत. आपल्यापैकी कुणी दोन राशी लावायला तयार असेल तर ट्रॅक्टर पाठवावा, डिझेलचं नंतर बघू. भट्टी कशी लावायची ते दाखवायला मी स्वतः येईन, आणि पलटीच्या दिवशीही येईन.

कळावे,

आपला,
एक माजी प्लांट ऑपरेटर आणि कोरडवाहू शेतकरी
जिल्हा परभणी